समासातलं लग्न

"बाप्तिस्म्याचा दाखला? मिळेल की," चर्चच्या ऑफिसातला कारकून म्हणाला. "कशासाठी हवाय?"

"ते अजून ठरलं नाही," चष्मेवाली म्हणाली.

कारकुनाने पेन खाली ठेवलं. एकतीस वर्षं तो दाखले देत होता. मोठ्या माणसांना दाखला लागायचा तो लग्नाला, नाहीतर मठात जायला. दोन्हीकडे ताजाच लागतो, सहा महिन्यांच्या आतला. पण आधी दाखला आणि मग कारण, असं माणूस त्याच्यासमोर पहिल्यांदाच उभं होतं.

चष्मेवाली चौकातल्या चष्म्याच्या दुकानात नजर तपासायची. दिवसभर लोकांना खुर्चीत बसवून विचारायची, "ही काच बरी, की ही?" आणि लोक पटापट सांगायचे. तिला स्वतःला मात्र सव्वा वर्षात दोनातलं एक सांगता आलं नव्हतं. एकीकडे टेकडीवरचा सिस्टरांचा मठ होता. त्याच्या प्रार्थनाघरात पाऊल टाकलं की तिचा आवाज आपोआप खाली यायचा आणि आपण काहीच नाही, तरी कुणालातरी हवे आहोत असं वाटून ऊर भरून यायचा. दुसरीकडे सुतार होता. त्याने मागणी घालून "सावकाश सांगा" म्हटलं होतं, आणि त्या सावकाशीचा तिने पुरेपूर फायदा घेतला होता. मठातल्या मदर मात्र पक्क्या होत्या. त्यांना महिनाअखेर हो किंवा नाही हवं होतं.

"संत योसेफ कोण होता? सुतारच ना?" आई उठता-बसता ऐकवायची. "म्हणजे लग्न केलंस तरी पुण्य कुठे जात नाही."

कारकुनाने जाडजूड वही काढली, ओळींवरून बोट फिरवलं आणि एका जागी थांबला. मग त्याने बेताने घसा साफ केला.

"तुमचं लग्न झालंय."

"कधी?"

"मागच्या फेब्रुवारीत."

"कुणाशी?"

"दातांच्या डॉक्टरांशी."

"मी होते का तिथे?"

"दोन साक्षीदार होते," कारकून गंभीरपणे म्हणाला.

चष्मेवालीला हसू आवरेना. ती टेबलाला धरून हसत असतानाच कोपऱ्यातल्या कपाटाच्या दारामागून सुतार बाहेर आला. बिजागरी बसवायला आलेल्या त्या गृहस्थाने "अजून ठरलं नाही" पासून सगळं ऐकलं होतं. त्याने तोंडातले स्क्रू एकेक करून काढले आणि म्हणाला, "अभिनंदन."

प्रकार असा होता. बाप्तिस्म्याच्या वहीत प्रत्येकाच्या ओळीपुढे दोन बोटं रुंदीचा समास असतो. पुढे त्या माणसाचं लग्न झालं, किंवा त्याने मठात कायमची व्रतं घेतली, तर ते तिथे लिहितात. चष्मेवालीच्या बाप्तिस्म्याच्याच दिवशी आणखी एका मुलीचा बाप्तिस्मा झाला होता. लग्न तिचं झालं, नोंद मात्र एक ओळ वर चढली. अक्षर कारकुनाचंच होतं, आणि सुंदर होतं.

तेवढ्यात मदरचा फोन आला. दाखला आज मिळतोय ना, एवढंच त्यांना विचारायचं होतं. कारकुनाला खोटं बोलायची सवय नव्हती.

"नोंदीप्रमाणे त्या विवाहित आहेत, मदर."

पलीकडून सगळ्यांना ऐकू येईल असा आवाज आला, "मग नव्या सिस्टरांच्या यादीत नाव घेता येणार नाही."

चष्मेवालीचं हसू गेलं आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. "अहो, चूक आहे ती. खोडून टाका ना."

"खाडाखोड? या वहीत?" कारकुनाने वही छातीशी धरली. "बिशप हाऊसचा लेखी हुकूम लागतो. पाच-सहा आठवडे."

संध्याकाळपर्यंत बातमी घरी पोचली. आई म्हणाली, "जावई दाखवला नाहीस तो नाहीस, निदान माझी दाढ तरी त्याला दाखवायचीस." दुसऱ्या दिवशी दुकानात फोन आला. डॉक्टरांची खरी बायको होती.

"माझा नवरा तुमच्या नावावर आहे असं कळलं."

"वहीपुरताच हो. लवकरच परत करते."

"घाई नाही," बाई म्हणाल्या. "पाहुणे हसले की हा त्यांचे दात मोजतो. जरा दिवस तुमच्याकडेच राहू दे."

बिशप हाऊसचं उत्तर आलं ते मात्र कारकुनाच्या काळजात धडकी भरवणारं होतं. एक चूक असेल तर आणखीही असतील. अख्खी वही लग्नाच्या आणि व्रतांच्या वह्यांशी ताडून पाहा, मगच दुरुस्ती. बिचाऱ्याने जेवण टाकलं. चष्मेवालीला त्याची दया आली आणि दुकान सुटल्यावर रोज तासभर ती मदतीला यायला लागली.

पहिल्याच दिवशी तिच्या लक्षात आलं, की कारकून वाचतो एक ओळ आणि बोट ठेवतो दुसरीवर.

"वयामुळे ओळी वरखाली होतात हल्ली," तो म्हणाला.

तिने त्याचा चष्मा घेऊन उजेडात धरला. दुसऱ्या दिवशी दुकानातलं त्याचं कार्ड काढलं. उजव्या डोळ्याची काच डावीकडे बसली होती आणि डाव्याची उजवीकडे. तारीख मागच्या जानेवारीतली. तपासून दिल्याची सही तिची. त्याच दिवशी सकाळी सुताराने मागणी घातली होती आणि दुपारी मदरचं "ये" असं पत्र आलं होतं. त्या दिवशी तिने किती जणांना काय काय दाखवलं असेल ते देवच जाणे.

"म्हणजे माझं लग्न मीच लावलं," ती कारकुनाला म्हणाली आणि त्याच दिवशी त्याला नवा चष्मा करून दिला.

वही पुढे सरकत राहिली. कारकून वाचायचा, ती ताडून पाहायची. कुणाच्या समासात लग्न होतं, कुणाच्या समासात व्रतं, कुणाचा समास कोराच. एका बाईचं लग्न साठ वर्षांपूर्वी झालं होतं. तिच्या खालच्या ओळीतली मुलगी सिस्टर होऊन दूर देशी गेली होती. दोघींना जागा सारखीच, दोन बोटं. कोण मोठी, कोण धाकटी, वही काही सांगत नव्हती. इतकी माणसं या एका वहीत जन्मून आपापल्या वाटेने गेली, या विचाराने चष्मेवाली भारावून जायची. मठात आवाज खाली यायचा तसाच इथेही यायला लागला होता.

सुतार तिथेच असायचा. एका बिजागरीला पाच आठवडे लागले, यावरून कुणालाही काय ते कळलं असतं.

शेवटी हुकूम आला. कारकुनाने मुंगीएवढ्या अक्षरात नोंद रद्द केली आणि म्हणाला, "एकच ओळ मावेल आता. जपून." मदरचाही निरोप आला: यादी अजून बंद केलेली नाही, आज संध्याकाळपर्यंत सांग.

ती कपाटाजवळ जाऊन उभी राहिली. "माझं अजून ठरत नाही हो."

"तुमचं ठरलंय," सुतार म्हणाला. तो लाकडाकडेच बघत होता. "लग्न झालंय कळलं तेव्हा तुम्ही हसलात. मठ गेला म्हटल्यावर रडलात. मी इथेच होतो. जा तुम्ही मठात. माझी काळजी करू नका."

"तुम्हाला वाईट नाही वाटत?"

"वाटतं तर. मघापासून रंधा उलटा धरलाय."

चष्मेवालीने पाहिलं, तर खरंच उलटा होता. तिला हसू आलं, आणि हसता हसता रडू फुटलं. पदरात मावेना एवढं.

"आता काय झालं?" सुतार घाबरला.

"मठ गेला तेव्हा मी माझ्यासाठी रडले होते," ती म्हणाली. "आज तुझ्यासाठी रडतेय. असं मी कुणासाठी कधी रडले नव्हते रे."

आजवर ती त्याला 'तुम्ही' म्हणत आली होती. सुताराने रंधा हळूच खाली ठेवला आणि देवळात राहतात तसा उभा राहिला. मग म्हणाला, "मदरना सांगायला मीही येतो. त्यांचं माणूस नेतोय, तोंड तरी दाखवायला हवं."

दोघं टेकडी चढून गेली तेव्हा मदर फाटकातच होत्या. दोघांना बरोबर पाहून त्यांनी हातातल्या यादीची शांतपणे घडी घातली.

"वर्षभर मी देवाकडे हिला मागत होते," त्या सुताराला म्हणाल्या. "तूही रोज सकाळी इथल्या प्रार्थनाघरात मागच्या बाकावर बसायचास. तूही हिलाच मागत होतास ना?"

"नाही, मदर," सुतार म्हणाला. "हिला जिथे बरं वाटेल तिथे ने, एवढंच म्हणायचो."

"तरीच," मदर हळू आवाजात म्हणाल्या. "मी माझ्यासाठी मागत होते."