कापडावरचा म्हातारा

“हा रंग कोणाच्या पैशातला?” जेकशेन मास्तरांनी विचारलं.

शिडीवरच्या रंगाऱ्यानं खाली वाकून पाहिलं. “सरकारी आहे मास्तर. तुम्हाला फुकट.”

“फुकट? सरकारच्या मालकीची रंगाची विहीर आहे का कुठं? कर कोण भरतं?”

“मला काय विचारता? मी नुसता रंग मारतो.”

“मग माझ्या कुंपणाला मारू नकोस. उतर खाली.”

आमच्या कोक-दोबो गावात पंधरा दिवसांनी डोंगरी देशांचा क्रीडामहोत्सव भरायचा होता. पाहुण्यांच्या मोटारी ज्या रस्त्यानं जाणार, त्यावरची प्रत्येक फळी निळीपांढरी करायचा हुकूम सुटला होता. सरोवराच्या काठी घोड्यांच्या खेळांसाठी वीस हजार माणसं बसतील असं मैदान उभं राहिलं होतं. गावात माणसं होती नऊ हजार, तीही तान्ही पोरं धरून. मास्तरांनी ज्या शाळेत एकतीस वर्षं भूगोल शिकवला, तिथं पाऊस आला की वर्गात बादल्या मांडाव्या लागत. दवाखान्यातलं एक्स-रेचं मशीन तर दोन वर्षं चादर पांघरून पडलं होतं. मास्तरांच्या बायकोचा, जिपारआपांचा, गुडघा हिवाळ्यापासून भोपळ्यासारखा सुजलेला. त्याचा फोटो काढायचा तर दीडशे किलोमीटर व्हॅनमध्ये अंग चेपून जायचं. दोनदा त्या निघाल्या आणि दोन्ही वेळा पायरी चढता येईना म्हणून माघारी आल्या.

त्यामुळे रस्त्यावरून निळ्या रंगाचा डबा जाताना दिसला तरी मास्तरांचं डोकं तापायचं. आणि तापलं की संशय यायचा. गल्लीप्रमुख मेदेरच्या गाडीला परवा नवे टायर दिसले होते. मास्तरांनी ते मोजले होते. चारही नवे होते.

दोन दिवसांनी मास्तर बाजारातून नान घेऊन परतले आणि स्वतःच्या घरावरून पुढे गेले. कोपऱ्यापर्यंत जाऊन मागे वळले, पुन्हा पुढे गेले. मग थांबले. त्यांच्या गंजक्या पत्र्याच्या जागी पांढरंशुभ्र लाकडी कुंपण होतं, त्यावर सफरचंदाचा मोहर, एक अर्धवट उघडं फाटक. शेजारी पांढरी कालपाक टोपी घातलेला, पांढऱ्या दाढीचा एक म्हातारा छातीवर हात ठेवून हसत होता.

मास्तरांनी मोहराला हात लावून पाहिला. कापड होतं. बावीस पावलं लांब, चांगलं जाड, छापील.

“जिपार!”

“अहो, आत या ना! चहा उकळून आटला!” कापडामागून आवाज आला.

“कुठून येऊ? फाटक चित्रातलं आहे!”

“आपलं फाटक त्या म्हाताऱ्याच्या मागं आहे. खालून शिरा. मेदेर म्हणाला, पंधराच दिवसांचा प्रश्न आहे.”

अडुसष्ट वर्षांचे मास्तर नान छातीशी धरून म्हाताऱ्याच्या बुटांखालून रांगत घरात गेले. आत जाताच पहिला प्रश्न विचारला, “हा माणूस कोण आहे? चित्रात उभं राहायचे याला किती मिळाले?”

दुसऱ्या दिवशी पेन्शन आलं नाही. तिसऱ्या दिवशी मास्तर टपालकचेरीत गेले, तर तिथं शेरा लिहिलेला: ‘पेन्शनधारक दारात उभे होते. हाका मारल्या. हसले, पण पैसे घेतले नाहीत.’

“बाई, ते चित्र होतं!”

“मला वाटलं, रागावलात,” टपालबाई म्हणाली. “तुम्ही हसताय याचंच नवल वाटलं होतं मला.”

संध्याकाळी मेदेर एक कागद घेऊन आला. कापडाच्या बाजूनं वाकून त्यानं कागद आत सरकवला. कागदावर लिहिलं होतं: कुंपणाची दुरुस्ती पूर्ण, मालक समाधानी.

“सही करा मास्तर. म्हणजे मी सुटलो.”

“समाधानी कोण आहे?”

“लिहायची पद्धत आहे हो तशी.”

“या रस्त्यावर समाधानी फक्त तो म्हातारा दिसतोय. त्याचीच सही घे.”

“कशाला अडवता? राजधानीतून छापून आणलंय हे. एवढ्या पैशात अख्खी गल्ली दोनदा रंगली असती...” मेदेरनं जीभ चावली, पण मास्तरांच्या कानांना कसला आजार नव्हता.

त्या क्षणी त्यांनी कापड फाडूनच टाकलं असतं. पण फाडलं की दंड, आणि दंडही त्याच तिजोरीत जाणार. मास्तरांनी विचार केला. मग जिपारआपांची शिवणाची मोठी कात्री घेतली, पट्टी लावून खडूची रेघ मारली आणि खऱ्या फाटकाच्या मापाचं दार कापडात तीन बाजूंनी कापून काढलं. रेघ म्हाताऱ्याच्या जाकिटाच्या गुंड्यांवरून सरळ खाली गेली. “याला नुकसान म्हणत नाहीत,” ते बायकोला म्हणाले. “याला वापर म्हणतात.”

सकाळी सुशोभन विभागाच्या चोल्पोनबाई पाहणीला आल्या. हातात फळी, फळीला यादी. मास्तरांच्या घरासमोर त्या थांबल्या तेवढ्यात हसऱ्या म्हाताऱ्याचं पोट उघडलं आणि त्यातून जेकशेन मास्तरांचं डोकं बाहेर आलं.

“अरे देवा!” चोल्पोनबाई दोन पावलं मागे सरल्या. “अक्साकाल, सरकारी मालमत्ता कापलीत तुम्ही?”

अक्साकाल म्हणजे पांढऱ्या दाढीचा वडीलधारा. मास्तरांना दाढी नव्हती. त्यामुळे कुणी अक्साकाल म्हणालं की ते सावध व्हायचे. एवढा मान मिळतोय म्हणजे पाठोपाठ काहीतरी मागणी असणार. “सरकारी? हिच्यातला एक धागा तरी माझा आहे! तेवढाच कापलाय.”

“हा धागा एवढा मोठा?”

“मी एकतीस वर्षं कर भरलाय!”

आवाज ऐकून पलीकडची फाटकं उघडली. कुणी म्हणालं, नळाला मेपासून पाणी नाही. कुणी म्हणालं, शाळेत बादल्याही घरून आणायला सांगतात. कुणी नुसतंच “खरं आहे!” असं ओरडत राहिलं. पाहता पाहता साठ-सत्तर माणसं जमली. त्या गर्दीत कुणीतरी फोटो काढला. वर छापील म्हातारा प्रेमानं हसतोय आणि त्याच्या पोटातून खरा म्हातारा तोंड वासून ओरडतोय, “एक्स-रेचं मशीन कुठाय?”

दुपारपर्यंत फोटो राजधानीत पोचला. संध्याकाळी मॉस्कोत शिवणकाम करणाऱ्या मुलीचा फोन आला. “बाबा, इथं सगळ्यांच्या मोबाइलवर तुम्ही आहात. दुसऱ्याच्या पोटात काय करताय?”

दुसऱ्या दिवशी चोल्पोनबाई कोट घातलेल्या दोन माणसांना घेऊन आल्या. तिघंही पोटातूनच आत आले. चटईवर बसल्यावर त्यांतला जाड माणूस गोड आवाजात म्हणाला, “अक्साकाल, मोकळेपणानं सांगा. तुमच्यामागे कोण आहे?”

मास्तरांनी मागे वळून पाहिलं. “बायको.”

“तसं नाही. एखादा पक्ष? बाहेरची संस्था? एवढी सफाईदार कापाकापी एकट्याची वाटत नाही.”

मास्तर चकित झाले. आयुष्यभर त्यांनी सगळ्यांवर संशय घेतला होता. त्यांच्यावर कुणी घेईल हे त्यांच्या ध्यानीमनी नव्हतं. खरं सांगायचं तर थोडं बरंही वाटलं.

“पक्की विटांची भिंत बांधून देऊ,” दुसरा म्हणाला. “लोखंडी फाटकासह. उद्याच. फक्त त्या कागदावर सही करा.”

“विटा कोणाच्या पैशातल्या?”

जाड माणसानं कपाळाला हात लावला. तेव्हा जिपारआपा लंगडत चहा घेऊन आल्या. पियाले त्यांनी काठोकाठ भरले होते. पाहुणा हवासा असला की आमच्याकडे अर्धाच पियाला भरतात, म्हणजे पुन्हापुन्हा भरता येतो. भरलेला पियाला म्हणजे प्या आणि निघा. तिघांनाही ते कळलं.

“एक विचारू, पोरी?” जिपारआपा चोल्पोनबाईंना म्हणाल्या. “घोड्यांचे खेळ म्हटले की माणसं पडणारच. एखाद्या परदेशी पाहुण्याचा पाय मोडला, तर फोटो कुठं काढणार?”

जाड माणसानं दुसऱ्याकडे पाहिलं.

“नाही, म्हटलं, सांगून ठेवावं. व्हॅन सकाळी सहाला सुटते. जागा आदल्या दिवशी धरावी लागते. आणि पायरी फार उंच आहे हं.”

चोल्पोनबाईंनी पियाला तसाच खाली ठेवला आणि फळीवर काहीतरी लिहिलं.

सहाव्या दिवशी दवाखान्यासमोर ट्रक उभा राहिला. झेंडे लावलेलं नवंकोरं एक्स-रेचं मशीन उतरलं. मास्तरांनी खोक्याभोवती तीन फेऱ्या मारल्या आणि बोटानं ठोकून पाहिलं. पोकळ वाजत नव्हतं, म्हणून तर जास्तच संशय आला. जिपारआपांना हाताला धरून ते आत गेले.

“तुम्ही खेळाडू आहात का?” नर्सनं विचारलं.

“मी?” जिपारआपा म्हणाल्या.

“मशीन फक्त खेळाडू, पंच आणि पाहुण्यांसाठी आहे, आपा. महोत्सव संपला की भाड्याचं परत जाणार.”

“बघ!” मास्तर इतक्या आनंदानं ओरडले की जिपारआपांनी त्यांच्याकडे डोळे वटारून पाहिलं. संशय खरा ठरल्याचा आनंद त्यांना लपवता आला नव्हता. पण बायकोचा चेहरा पाहिला आणि तो ओसरला. जिपारआपांनी काठी भिंतीला टेकवली होती आणि त्या जाण्यासाठी नाही, बसण्यासाठी जागा शोधत होत्या. घरापासून दवाखान्यापर्यंतच त्या थकल्या होत्या.

मास्तर तडक नोंदणीच्या तंबूत गेले आणि यादी वाचू लागले. कुस्ती. धनुर्विद्या. गरुड घेऊन शिकार. सगळ्यात शेवटी होतं: तोगुझ कोर्गोल, ज्येष्ठ महिला, तीन जागा रिकाम्या. पाटावरच्या नऊ-नऊ खळग्यांतून गोट्या फिरवायचा तो खेळ जिपारआपा वडिलांकडून शिकल्या होत्या. चाळीस हिवाळे त्यांनी मास्तरांना त्यात हरवलं होतं, आणि चाळीस हिवाळे मास्तरांना संशय होता की त्या गोट्या लपवतात.

तासाभरात जिपारआपांच्या गळ्यात खेळाडूचं ओळखपत्र आलं आणि त्यानंतर अर्ध्या तासानं गुडघ्याचा फोटो निघाला. हाड शाबूत होतं; नुसतं पाणी साचलेलं. डॉक्टरनं ते काढलं आणि त्या पहिल्यांदा काठीशिवाय दोन पायऱ्या उतरल्या.

बातमी लपणार कशी? दोन दिवसांत आमच्या गल्लीतून चौदा खेळाडू निपजले. त्यांतला सगळ्यात धाकटा एकसष्ट वर्षांचा. मेदेरच्या सासूनं पाठीच्या मणक्यापायी धनुर्विद्येत नाव घातलं. नोंदणीवाले म्हणाले, एका गल्लीत एवढी खेळाची आवड आम्ही कुठं पाहिली नाही.

पण नाव घातलं की खेळावं लागतं. जिपारआपा पहिली फेरी खेळल्या आणि जिंकल्या. दुसऱ्या फेरीत मंगोलियाच्या एका बाईला त्यांनी इतक्या लवकर हरवलं की दुभाष्याला चहा पिऊन यायलाही वेळ मिळाला नाही. उपांत्य सामन्याच्या दिवशी सभागृह खचाखच भरलं. मास्तर दुसऱ्या रांगेत, पुढे झुकून, पंचांच्या बाह्यांवर डोळा ठेवून बसले होते.

जिपारआपांनी मूठभर गोट्या उचलल्या. तेवढ्यात मागच्या रांगेत सूर्यफुलाच्या बिया सोलत कुणीतरी कुरकुरलं, “म्हाताऱ्यांनी गोट्या खेळायच्या आणि भुर्दंड आपण भरायचा! काय चाललंय या देशात!”

मास्तर हळूहळू मागे वळले. शेजारच्या गावातला कुणी अनोळखी माणूस होता. वय मास्तरांएवढंच, कपाळावर तशाच आठ्या.

“एवढा त्रास होतोय तर तिकीट कशाला काढलंत?” मास्तरांनी दबक्या आवाजात विचारलं.

“तिकीट कोण काढतोय? माझा पास आहे.”

“म्हणजे फुकट! तुम्ही बसलाय ती खुर्ची आमच्या करातून आली आहे. मुकाट्यानं बसा आणि बिया खाली टाकू नका.”

त्या माणसानं बियांची पुडी खिशात घातली. मास्तर पुढे वळले, गळ्यात लटकणारा ‘खेळाडूचे कुटुंबीय’ असा पास त्यांनी सदऱ्याच्या आत सारला, आणि टाळ्या वाजवायला हात मोकळे ठेवले.