तीन बालपणांचं भेकर

एका जंगलात, मुलांनो, सगळे प्राणी एका चेंडूमागे धावत असत. फार पूर्वी ते एकमेकांमागे धावत. त्याला शिकार म्हणत. मग जंगल सुधारलं. आता त्याला सामना म्हणतात, आणि कुणाला खायचंच असेल तर ते सामना संपल्यावर.

त्या जंगलाचं नाव ऐनवन. तिथे हुंदड्या नावाचं एक भेकर राहत होतं. भेकर म्हणजे लहानसं हरीण. घाबरलं की ते कुत्र्यासारखं भुंकतं, आणि बहुतेक वेळ ते घाबरलेलंच असतं. हुंदड्या मात्र पायाशी कवठ आलं की घाबरायचं विसरायचा. त्यानं लाथ मारलेलं कवठ दोन झाडांच्या मधून बरोबर पलीकडे जायचं.

"आई, मोठा झालो की मी ऐनवनाच्या संघातून खेळणार," तो एकदा म्हणाला.

"खेळ हो. आधी तो पाला संपव," आई म्हणाली.

हे बोलणं त्या दोघांखेरीज कुणी ऐकलं नाही. त्या काळी घरातलं बोलणं घरातच राहत असे.

तळ्याकाठी बगळेसाहेब उभे असत. पांढरेशुभ्र, एका पायावर, डोळे अर्धे मिटलेले. चांगले खेळाडू हेरायचे आणि दुसऱ्या रानांच्या संघांत पोचवायचे, हा त्यांचा व्यवसाय. त्यांनी हुंदड्याची लाथ पाहिली आणि दुसरा पाय खाली टेकवला. असं ते क्वचितच करत.

"पाणथळ संघाला तुझ्यासारखा खेळाडू हवाय," ते म्हणाले. "उद्या निघू. तिथे पोचलास की त्यांची माती कपाळाला लावायची आणि सगळ्यांसमोर म्हणायचं, 'लहानपणापासून माझं एकच स्वप्न होतं, पाणथळ संघाकडून खेळायचं.'"

"पण साहेब, माझं स्वप्न तर आपल्या ऐनवनाचं आहे."

"अरे राजा, स्वप्न बदलायला कोण सांगतंय? फक्त पत्ता बदलायचा."

"आणि ऐनवन?"

"तिथे एकदम जाता येत नाही. बाहेर नाव झालं की घरचे बोलावतात. तोवर त्यांना वाटतं, आपलंच पोर आहे, जातंय कुठे?"

हुंदड्याला पटलं. लहान वयात पटतं, बाळांनो.

पाणथळ संघ रेड्यांचा. हुंदड्यानं चिखल कपाळाला लावला, शिकवलेलं वाक्य म्हटलं, आणि रेडे हुंदके देऊन रडले. आपल्या चिखलाचं स्वप्न कुणाला पडू शकतं, हे त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. हुंदड्या गोलमागून गोल करू लागला. पोपटांनी ती बातमी रानोरान पोचवली.

सुटीत तो घरी आला.

"का रे," आई म्हणाली, "तुझं लहानपण म्हणे चिखलात लोळण्यात गेलं? मला सांगायचंस तरी. मीपण आले असते चार दिवस."

"आई, तसं बोलायचं असतं."

"असेल बाबा. तुझ्या अंगाला चिखल कधी दिसला नाही, म्हणून विचारलं."

दोन हंगामांनी बगळेसाहेबांनी त्याला कड्यावरच्या संघात नेलं. तो वानरांचा. हुंदड्यानं तिथली लाल माती कपाळाला लावली आणि सांगितलं, की लहानपणी तो रोज मान वर करून या कड्याकडेच बघत असे. वानरांनी टाळ्यांनी कडा दणाणून सोडला. रेड्यांनी त्याच संध्याकाळी त्याच्या नावानं चिखलफेक केली. ती त्यांना सोपी होती.

नंतर बांबूबन. तो संघ हत्तींचा, सगळ्यात मोठा. तिसरी माती, तिसरं लहानपण. आता तो अडखळतही नसे. आवाज कुठे भरून आणायचा, हेही त्याला कळू लागलं होतं.

एका साळिंदरानं त्याचं चरित्र लिहिलं. साळिंदराला लेखण्यांचा तोटा नसतो. हुंदड्याची तीन बालपणं एकाच काळात तीन ठिकाणी कशी गेली, असं कुणी विचारलं तेव्हा साळिंदर म्हणालं, "मोठ्या माणसाला एक पुरत नाही." आणि तो प्रश्न कायमचा सुटला.

त्याची आई वारली, तेव्हा हुंदड्या बांबूबनातच होता.

निरोप पोपटानं आणला. हुंदड्या निघायला लागला, तशी संघाचे अध्यक्ष गजराज यांनी वाट अडवली. मुद्दाम नाही. ते उभे राहिले की वाट अडतेच.

"फार वाईट झालं," गजराज म्हणाले. "उद्याचा सामना आपण आईंना अर्पण करू. गर्दीही चांगली होईल."

"मला घरी जायला हवं."

"आई आता घरी कुठे आहेत, बाळ?"

हुंदड्या मागे फिरला. दुसऱ्या दिवशी मैदानावर एक मिनिट शांतता पाळली गेली. ती चाळीस सेकंदांत आटोपली, कारण पाहुण्या संघात माकडं होती. हुंदड्यानं दोन गोल केले. "आईच्या आठवणीनं बळ दिलं!" असं पोपट सगळीकडे ओरडत सुटले.

खरं सांगायचं तर त्या सामन्यात त्याला आई एकदाही आठवली नाही. ती आठवली तीन दिवसांनी, पाला खाताना. मग तो पाला तसाच राहिला. पण तेव्हा मैदानावर कुणी नव्हतं, म्हणून पोपटांनी ते कळवलं नाही.

त्याच वर्षी सगळ्या रानांची मोठी स्पर्धा ऐनवनात भरायची ठरली. एवढ्या वर्षांनी घरच्या संघाचं बोलावणं आलं. हुंदड्या रात्रंदिवस चालत आला. आता त्याला आणखी काही नको होतं. एकदा, एकच सामना, त्याला ऐनवनाकडून खेळायचं होतं.

पण निवड समिती होती. अध्यक्ष अस्वल. एक सदस्य रानडुक्कर. दुसरा सदस्य घुबड, ते दिवसा बैठकीला येत असल्यानं झोपलेलं असे आणि त्याचं मत निःपक्षपाती मानलं जाई.

"ऐनवनाकडून का खेळायचंय?" अस्वलानं विचारलं.

हुंदड्यानं तोंड उघडलं. जे खरं होतं ते त्यानं सांगितलं. "लहानपणापासून माझं एकच स्वप्न होतं..."

रानडुक्कर खो खो हसलं. घुबडसुद्धा झोपेत हसलं.

"हे वाक्य आमच्याकडे तीनदा आलेलं आहे," अस्वल म्हणालं. "रेड्यांकडून, वानरांकडून आणि हत्तींकडून. चौथी प्रत ठेवायला जागा नाही."

"पण हे खरं आहे!"

"त्या तिन्ही वेळा तू याहून चांगलं म्हटलं होतंस. आवाज भरून आला होता. आता भरला नाही."

ते बरोबर होतं. खरं बोलताना आवाज कुठे भरून आणायचा, हे बगळेसाहेबांनी शिकवलं नव्हतं.

"साक्षीदार आहे कुणी?" अस्वलानं विचारलं.

"आई होती. तिच्याजवळच बोललो होतो."

"मग आण तिला."

"ती वारली."

अस्वलानं नियमांची पानं चाळली. वडाचीच पानं होती, बरीच किडलेली. "नियमात लिहिलंय, आई हजर हवी. संख्या एक. ती वारली असेल तर काय करावं, याबद्दल काही लिहिलेलं नाही."

"कुठली आई, असंपण लिहिलेलं नाही हं," रानडुक्कर हळूच म्हणालं आणि बगळेसाहेबांकडे बघून डोळा मारला.

दुसऱ्या दिवशी बगळेसाहेब एक म्हातारी चितळ घेऊन आले. चितळाच्या अंगावर पांढरे ठिपके असतात, भेकराच्या नसतात. म्हणून तिला मातीनं सारवून आणलं होतं.

"साहेब, ही कोण?" हुंदड्यानं विचारलं.

"तुझी आई. या हंगामातली सातवी केस आहे तिची, एकदाही हरलेली नाही. तू फक्त मान खाली घालून उभा राहा."

म्हातारी समितीसमोर गेली. तिनं हुंदड्याच्या कपाळावरून जीभ फिरवली आणि बोलायला लागली. "काय सांगू महाराज! एवढंसं होतं माझं पोर. स्वतः उपाशी राहून पहिला घास दुसऱ्याला द्यायचं. रात्री झोपेत ऐनवन, ऐनवन करायचं. मी म्हणायचे, देवा, याला एकदा घरच्या मैदानावर बघू दे, मग मला ने."

अस्वलाचे डोळे भरून आले. "चेहरेपट्टी अगदी हुबेहूब," ते म्हणालं.

हुंदड्या मान खाली घालून ऐकत होता. म्हातारीचा आवाज मऊ होता. ऐकता ऐकता त्याला तो पहिला घास आठवायला लागला. झोपेतलं बोलणं आठवायला लागलं. आईचा चेहरा आठवायला गेला, तर त्यावर पुसट पांढरे ठिपके दिसू लागले.

तेव्हा तो घाबरला. भेकरं घाबरतात तसा, जोरात भुंकला.

घुबड जागं झालं.

"ही माझी आई नाही," हुंदड्या म्हणाला.

"हळू बोल, गाढवा!" बगळेसाहेब फिस्कारले.

"ही माझी आई नाही. माझी आई असलं काही बोलली नसती."

मग अस्वल उठलं. त्याला राग आला होता, कारण त्याचे अश्रू वाया गेले होते.

"तीनदा खोटं बोललास, तिन्ही रानं सुखी झाली. आज खरं बोलून तू कुणाचं भलं केलंस? समितीचं? संघाचं? या बिचाऱ्या माउलीचं?" त्यानं किडलेल्या पानावर पंजा उमटवला. "खरं बोलून समितीची दिशाभूल केल्याबद्दल हुंदड्याला संघातून कायमचं वगळण्यात येत आहे."

बगळेसाहेबांनी पंख झटकले. "एवढी कारकीर्द घडवली मी तुझी," ते म्हणाले आणि उडून गेले. त्यांना आणखी दोन खेळाडूंची बालपणं ठरवायची होती.

सामन्याच्या दिवशी हुंदड्या टेकडीवर जाऊन बसला. खाली मैदान भरलं होतं. थोड्या वेळानं ती म्हातारी चितळ धापा टाकत वर आली. तिच्या अंगावरची माती अर्धी धुतली गेली होती आणि खालचे ठिपके दिसत होते.

"आलास का इथे," ती म्हणाली. "माझा धंदा बुडवलास हो तू. सात केसांत पहिली हरले."

"चुकलंच माझं, मावशी."

"चुकलं कसलं. उद्या सांबराच्या पोराची आई व्हायचंय, तोवर बसते जरा." ती बसली. मग म्हणाली, "तुझी खरी कशी होती रे? सांग तरी. एखादी गोष्ट पुढे उपयोगी पडेल."

आई वारल्यापासून त्याला हे कुणी विचारलं नव्हतं.

"तिला खेळाचा कंटाळा होता," तो म्हणाला. "माझा एकही सामना तिनं बघितला नाही. लहानपणी आम्ही माळावर खेळायचो, तेव्हा ती आमच्याकडे पाठ करून चरत राहायची. एकदाही वळून बघायची नाही."

"असतात काही तशा."

"पण तिचे कान मागे वळलेले असायचे. सामना संपेपर्यंत."

खाली गोल झाला. जंगल ओरडलं. कुणाचा गोल, ते दोघांनीही पाहिलं नाही.

म्हातारी समोरचं गवत हुंगत राहिली. खाल्लं मात्र नाही.

"हे मी वापरणार नाही," ती म्हणाली.

तात्पर्य : मुलांनो, खरं बोलायची वेळ आयुष्यात क्वचितच येते. त्यामुळे त्याचा सराव राहत नाही आणि ऐनवेळी ते आपल्याच गोलात जातं. खोटं रोज बोलायला मिळतं. म्हणून सराव खोट्याचाच करावा. आणि आई शक्यतो भाड्याची असावी. ती वारत नाही.