धा मिनिटं

ट्रक जरा उंच व्हावा म्हणून इकबालभाईंनी खरं तर त्याच्या कमानीत फक्त दोन पाटे वाढवायचं ठरवलं होतं. दोनच. पण मेकॅनिकच्या ‘दोनच’वर आणि पाहुण्याच्या ‘निघतोच’वर शहाण्या माणसानं विसंबू नये.

पांढरकवड्यात त्यांचं गॅरेज. कापसाचे ते वाईट दिवस. ज्यांच्या ट्रॅक्टरवर गॅरेज चालायचं, त्यांनी ट्रॅक्टर झाकून ठेवून पुन्हा बैल जुंपले होते (आणि बैल काही दुरुस्तीला येत नाहीत). रिकाम्या हातांना खाज सुटली आणि इकबालभाईंची नजर मागच्या कोपऱ्यातल्या जुन्या फोर-व्हील-ड्राइव्ह ट्रककडे गेली. फौजेच्या लिलावातला हा ट्रक एका लाकूड ठेकेदारानं आणून टाकला होता. मग ठेकेदारही बेपत्ता झाला.

खरं कारण मात्र वेगळं होतं आणि ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही. दोन पावसाळ्यांमागे जैबुनबीची, म्हणजे त्यांच्या बायकोची, आई बोरगावात शेवटच्या घटका मोजत होती. नाल्याला पूर होता आणि जीप अलीकडच्या काळ्या चिखलात फसली. जैबुनबी म्हणाली, “पानी उतरलं का मी पायी जातो.” इकबालभाई जीपखालून म्हणाले, “थांब ना, धा मिनिटं.”

इकबालभाईंच्या दहा मिनिटांवर तालुक्यात कुणी भरवसा ठेवत नसे. ट्रॅक्टरवाले येताना जेवणाचा डबा सोबत आणत. बायकोनं मात्र भरवसा ठेवला. ते पोचले तेव्हा कबरीवर माती लोटून झाली होती. जैबुनबी त्यांना एका शब्दानंही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

यंदा उन्हाळ्यात तिची मोठी बहीण अतिया बोरगावातच अंथरुणाला खिळली आणि इकबालभाईंनी पाना उचलला. दोन पाट्यांचे चार झाले. ट्रॅक्टरची जुनी चाकं बसली. नाल्याचं पाणी इंजिनात शिरू नये म्हणून हवेची नळी टपापर्यंत नेली. पुढच्या चाकांचा गिअर उघडला, घासला, ग्रीसमध्ये न्हाऊ घालून परत बसवला. शेजारच्या मारोतरावांचा कापूस अळीनं खाल्ला होता. ते रोज बाजेवर बसून हा सोहळा बघत.

“इकबालभाई, हे गाडी हाय का मचान?”

“नाला पार करन, पाहाल तुम्ही!”

जैबुनबी डबा घेऊन आली. तिनं गाडीकडं पाहिलं, मग आपल्या गुडघ्यांकडं. “अजी, याच्यात चढाचं कसं?”

“शिडी लावतो ना. धा मिनिटाचं काम.”

पोळा तोंडावर आला होता. तीन दिवसांच्या झडीनंतर एका सकाळी बोरगावहून फोन आला: अतियाआपाचं काही खरं नाही, लवकर या. इकबालभाईंनी चावी फिरवली आणि इंजिन पहिल्याच झटक्यात सुरू झालं. त्यांचे डोळे भरून आले. दिमाखात गाडी निघाली आणि धाडकन थांबली. टप शटरवरच्या बीमला अडलं होतं. चार महिने गाडी आतल्या आत वाढत होती. दरवाजा बिचारा होता तेवढाच राहिला. (उंची मोजायला टेप लागतो. तो त्यांच्या खिशातच होता.)

“थांब जैबुन, धा मिनिटं!”

“चाकांची हवा सोडा,” मारोतराव म्हणाले. सोडली. तरी चार बोटं कमी पडत होती. मग कमानी दबाव्यात म्हणून चौकातले चौदा रिकामे शेतकरी आत बसवले. पण कमानी नव्या होत्या आणि माणसं त्या वर्षांत हलकी झालेली. शेवटी ऐरण आणि दोन भंगार इंजिनं चढवली, तेव्हा टप खरडत गाडी बाहेर आली. आता हवा भरायची. कंप्रेसरचं बटण दाबलं तर लाइन गेलेली. लोडशेडिंग! राहिला सायकलचा पंप.

“झालंच, जैबुन!” पंपावर ओणवे होऊन इकबालभाई ओरडले.

“भाभी तं कवाच्या गेल्या,” मारोतराव म्हणाले. “फाट्यापर्यंत ऑटो, पुढं पायी. तुम्ही धा मिनिटं म्हनलं, तवाच निंगाल्या.”

दिवस कलताना ट्रक नाल्यावर पोचला. पुढच्या चाकांचा गिअर टाकून, गर्जना करत इकबालभाई पाण्यात उतरले. पाणी घोट्याएवढं होतं. एक शेळी त्यांच्या पुढं चालत पार झाली.

तेव्हा त्यांना आठवलं. सासू गेली त्या दिवशीही पाणी असंच उतरलं होतं. जैबुनबीला नाल्यानं अडवलं नव्हतं. तिला आपण अडवलं होतं.

अंधार पडता पडता ते अतियाच्या दारात पोचले, हेडलाइट चालू ठेवूनच उतरले आणि घरात धावले. गुडघ्यापर्यंत चिखलानं माखलेली जैबुनबी बहिणीच्या उशाशी बसली होती. अतियाच्या तोंडावर चादर ओढलेली होती.

“पाव घंटा झाला,” ती म्हणाली. “मले वळखलं तिनं. हासली. माह्या हातानं पानी पेली.”

इकबालभाई उंबऱ्यावरच बसले आणि लहान लेकरासारखे रडले. आपासाठी रडले, सासूसाठी रडले, आणि थोडं बायको थांबली नाही या आनंदानंही.

तिसऱ्या दिवसाची जियारत, म्हणजे कबरीवरची दुआ, झाली आणि ती दोघं परत निघाली. जैबुनबी शिडीवरून कण्हत चढली. इकबालभाईंनी चावी फिरवली. खट्‌. हेडलाइटनं बॅटरी पार उतरवली होती.

“काय झालं?”

“काही नाही, धा मि...” पुढचा शब्द त्यांनी गिळला.

जैबुनबी तशीच खाली उतरली. तिनं चपला हातात घेतल्या आणि चालू लागली. इकबालभाईंनी पाना खिशात घातला आणि मुकाट्यानं तिच्या मागं निघाले. काळा चिखल पायाला शेर शेर चिकटत होता. नाला ओलांडेपर्यंत त्यांना धाप लागली. फाटा अजून दीड कोस होता.

“जैबुन, अजून किती राह्यलं?”

तिनं मागं वळूनही पाहिलं नाही.

“धा मिनिटं.”