कानांत कुंडले घालणाऱ्या नगरीत द्वारकाबाईंनी मन मोकळे केले, त्याची हकिकत

श्रीश्रवणेश्वर प्रसन्न. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसु नाम संवत्सरे, वैशाखमासी एका थोर नगरीत अपूर्व वर्तमान जाहले, ते ऐसे. त्या नगरीचा प्रताप काय वर्णावा! माणसांवर माणसे, आणि शब्द म्हणून नाही. लहानथोर रयतेने कानांत गाणी वाजणारी शुभ्र कुंडले घातली, कोणी मस्तकावरून पट्टा घेऊन थोरली झाकणे चढविली, आणि लिफ्टीत खांद्यास खांदा लागे परंतु कोणी कोणास पुसेना, आणि बसमध्ये पाय तुडविला तरी तुडविणारा व ज्याचा तुडविला तो, दोघेही समाधीत. ऐसी शांतता ऋषींच्या आश्रमीही नसेल!

त्या नगरीत द्वारकाबाई थोपटे, यजमान निवर्तल्यावर, गावाहून पुत्राचे घरी राहावयास आल्या. यजमानांस अखेरीस ऐकू येत नसे व कानात यंत्र असे. बाईंस कानातले यंत्र तेवढेच ठाऊक. मग पुत्रास "चहा घेतोस का?" पुसले तो उत्तर नाही, सुनेस पुसले तो उत्तर नाही, आणि दोघांचे कानी यंत्र पाहून बाईंचे काळीज हलले, की या नगरीस बहिरेपणाची साथ आली आणि आपली लेकरेही तीत सापडली! आणि सांगावयाचे तर मोठे होते. बाईंचे छातीत गाठ लागली होती, आणि भयाने व लाजेने जीव टांगणीस लागला होता. मग सोसायटीचे बागेत शाल्मली नामे कन्या कचेरीस जाण्यापूर्वी डबा खात बसे, तिचे कानी कुंडले पाहून बाईंस धीर आला. बहिऱ्या पोरीपाशी लाज कसली? मग नित्य सकाळी तिजशेजारी बसून, कर्दळीकडे पाहत, बाई बोलू लागल्या. यजमानांच्या खोडी बोलल्या, आणि सुनेचे अळणी वरण बोलल्या, आणि एके दिवशी वर्मही बोलून गेल्या.

"छातीत गाठ हाय गं पोरी. दुखत न्हाई, पन वाढाया लागलीया. मरायचं भ्या न्हाई, दाखवायची लाज वाटती."

तोच कन्येने हातचा घास डब्यात ठेविला आणि कुंडले काढिली.

"आजी, उठा. आत्ताच दवाखान्यात जाऊ. डॉक्टर बाईच आहेत, आणि मी येते सोबत."

बाईंचे तोंडचे पाणी पळाले. "अगं बया! तुला ऐकू येतं?"

"सगळं येतं. यात काही वाजतच नाही, आजी. कुणी बोलायला येऊ नये म्हणून नुसतं घालते."

"मग येवढं दिस गप का बसलीस?"

"मी बोलले असते, तर तुम्ही थांबला असता."

बाई प्रथम संतापल्या, मग पदराने डोळे पुसून उठल्या, आणि उभयता दवाखान्यास गेल्या. गाठ वेळीच काढिली गेली आणि बाईंस आराम पडला. तात्पर्य, नगरी अद्याप तैसीच शांत आहे आणि कुंडलेही तैसीच आहेत. मात्र बाई आता बाकावर बसणाऱ्याचे खांद्यास हात लावून पुसतात, "ऐकतोयस न्हवं?" आणि नवल हे, की बहुतेक जण हो म्हणतात.