साहेबांच्या घरी बंब

आगीबद्दल साहेबांना कुणी काही शिकवायचं नाही! उभी हयात अग्निशमन दलात काढलेला माणूस. निवृत्तीनंतरही शेजारी दूध करपलं की हे बादली घेऊन दारात हजर.

त्याच साहेबांनी त्या सकाळी बकऱ्याची अख्खी मांडी नव्या स्लो कुकरमध्ये घातली आणि बटण दाबलं. लेक दचकलीच.

"बाबा, हे दिवसभर चालू ठेवून तुम्ही बाहेर जाणार?"

"अगं, मंद आच! याला आग नाही, ऊब म्हणतात. तू निर्धास्त कामावर जा. संध्याकाळी विहीणबाई बोटं चाटत बसतील!"

संध्याकाळी लेकीचं लग्न ठरवायला मुलगा आणि त्याची आई येणार होते. आई भलतीच करारी. आईविना वाढलेल्या मुलीच्या घरचं वळण तिला पारखायचं होतं. साहेब आठवडाभर घर घासत होते.

दुपार कलताना साहेब सलूनमध्ये दाढीला बसले. एक गाल झाला आणि बंबाचा भोंगा ऐकू आला. साहेबांनी डोळे मिटूनच सांगितलं, "मोठा बंब. आता डावीकडे वळेल."

वळला.

"आता आमच्या गल्लीत..." साहेबांच्या तोंडचं पाणी पळालं! आणि पाठोपाठ साहेबही, गळ्यातला कपडा पताकेसारखा फडकवत.

इमारतीखाली ही गर्दी! समोरच्या काकू धावत आल्या. "साहेब, तुमच्या स्वयंपाकघरात धूर! खिडकीची काच पांढरीफटक झालीय! मीच फोन केला!"

"अहो काकू, वाफ असेल ती!"

साहेब धापा टाकत जिना चढले. "थांबा! चावी आहे! चावी!" पण त्या भोंग्यात ऐकतो कोण? कुऱ्हाड पडली, दार आडवं झालं आणि पाण्याचा फवारा थेट स्वयंपाकघरात! 'आधी दार, मग विचार' हे साहेबांनीच दलातल्या पोरांकडून घोकून घेतलं होतं.

आत घोटाभर पाणी. मेन स्विच बंद करून तरुण अधिकाऱ्याने कडक सलाम ठोकला. हा साहेबांचाच चेला.

"साहेब, चालू उपकरण सोडून घराबाहेर जायचं नाही, असं तुम्हीच आम्हाला..."

"माहितीय मला!"

झाकण उचललं. मांडी वरून फिकट, आतून कच्ची. शेगडीही विजेची, आणि वायरिंग भिजलेलं. तेवढ्यात लेक येऊन उंबऱ्यात थिजली. "बाबा! ते लोक घरून निघालेत!"

अधिकारी ओशाळला. "काळजी नको साहेब. फायर स्टेशनच्या स्वयंपाकघरात मोठी शेगडी आहे. तासाभरात शिजवून आणतो!"

आणि साहेबांची मांडी बंबात बसून भोंगा वाजवत निघाली!

बापलेकीने पाणी उपसलं आणि दाराच्या जागी चादर टांगली. पाहुणे आले. चादर बाजूला सारत विहीणबाई म्हणाल्या, "वाटेत बंब आडवा गेला हो! कुणाकडे काय पेटलं असेल, देव जाणे."

"फार नसेल पेटलं," साहेब पुटपुटले.

विहीणबाईंनी चौकट पाहिली, ओली फरशी पाहिली, साहेबांचा अर्ध्या दाढीचा चेहरा पाहिला. मग साडी घोट्याच्या वर धरून खुर्चीच्या टोकावर बसल्या. तास उलटला. हवापाण्याच्या गप्पा संपल्या. नवरदेवाचं पोट गुरगुरलेलं सगळ्यांनी ऐकलं.

शेवटी जिन्यावर बूट वाजले. स्टेशनचा आचारी भांडं घेऊन आत आला. चेहऱ्यावर तृप्ती!

"साहेब, तोड नाही! बंबाला दुसरा कॉल आला. छोटे साहेब पळता पळता ओरडले, 'साहेबांकडचं आहे, पटकन शिजवून संपव!' संपवलं! तुमच्या निवृत्तीची पार्टी राहिली होती, ती आज दिलीत. पोरांनी हाडं चघळली हो! हे घ्या, भांडं घासून आणलंय."

"म्हणजे तो बंब," विहीणबाई सावकाश म्हणाल्या, "तुमच्याकडून निघाला होता?"

साहेबांनी मान खाली घालून सगळं सांगितलं. लेकीने पदराचं टोक तोंडात कोंबलं. विहीणबाईंचे ओठ थरथरले, खांदे हलले आणि त्या अशा हसत सुटल्या की समोरच्या काकू पुन्हा फोनकडे धावल्या!

डोळे पुसत त्या मुलाकडे वळल्या. "ऊठ रे! या घरचा जावई व्हायचंय ना? मग खाली जा आणि सगळ्यांना काहीतरी खायला आण."

साहेबांचा जीव भांड्यात पडला. नाहीतरी ते रिकामंच होतं.