एकमताशिवाय पुढे नाही

"गाढव ठेवू की बेडूक?" सरांनी बाहेरच्या खोलीतून विचारलं.

"कशासाठी?" त्यांच्या पत्नीने स्वयंपाकघरातूनच विचारलं.

"कुणाचं उत्तर चुकलं, तर आवाज यायला हवा."

"गाढव ठेवा. पण आवाज बारीक करा. मघापासून इतक्या वेळा ओरडलंय की शेजारी चौकशीला येतील."

सर पदार्थविज्ञान शिकवत. ज्यांची शाळा अर्ध्यातच सुटली आणि ज्यांना आता परीक्षा द्यायची होती, अशा मोठ्या माणसांचा त्यांचा ऑनलाइन वर्ग होता. तास सुरू होताना पडदा चेहऱ्यांनी भरलेला असे. सूत्रं सुरू झाली की एकेक चौकोन काळा पडत जाई. "कॅमेरा बंद आहे सर, पण मी आहे," असं सुरुवातीला कुणीतरी सांगायचं तरी. पुढे तेही बंद झालं.

शेवटी प्राचार्यबाईंनी सरांना बोलावून घेतलं. "सर, तुमच्या तासाला माणसं टिकत नाहीत. चित्रं हलू द्या, आवाज घाला, मध्येच प्रश्न विचारा. मंगळवारी मी स्वतः येऊन बसते. तेव्हाही हेच दिसलं, तर वर्ग बंद करावा लागेल."

सरांचं पोट या वर्गावर नव्हतं, पण जीव होता. दिवसभर राबून संध्याकाळी शिकायला बसणारी ही माणसं त्यांना फार आवडत. म्हणून ज्या माणसाने आजवर कॅमेऱ्यासमोरही खडूखेरीज दुसरं साधन हाती धरलं नव्हतं, तो हात धुऊन या नव्या साधनांच्या मागे लागला. व्हिडिओ झाला, त्यात संगीत आलं, बरोबर उत्तरावर चांदण्यांचा पाऊस पडू लागला. एक सोय तर त्यांना फारच पसंत पडली. सगळ्या वर्गाने एकच बरोबर उत्तर दिल्याशिवाय व्हिडिओ पुढे सरकत नसे. डुलक्या काढणाऱ्यांना चांगलाच चाप बसणार होता.

एवढं सगळं केलं, पण बरोबर उत्तरावर खूण करायची तेवढी राहिली. खूण नसली की ते साधन पहिलाच पर्याय बरोबर धरून चालतं. सरांना हे माहीत नव्हतं असं नाही, पण खूण करायच्या वेळी ते गाढव ऐकत होते.

मंगळवारी प्राचार्यबाई वही-पेन घेऊन कोपऱ्यातल्या चौकोनात बसल्या. पडद्यावर दोन सारख्याच आकाराचे चेंडू आले, एक लोखंडी आणि एक लाकडी. दोन्ही एकदम गच्चीवरून सोडले, तर आधी कोणता पडेल? लोखंडी, लाकडी, की दोन्ही बरोबरच?

"दोन्ही बरोबर पडतील," बेकरीवाला म्हणाला. सगळ्यांनी तेच दाबलं आणि गाढव ओरडलं.

"कुणीतरी वेगळं दाबलंय," सर म्हणाले. पुन्हा सगळ्यांनी तेच दाबलं. गाढव पुन्हा ओरडलं.

"सर, मागच्या तासाला तुम्हीच शिकवलंत की," टॅक्सीवाला म्हणाला. त्याने गाडी रस्त्याच्या कडेला लावून फोन बॉनेटवर ठेवला होता. "पण गाढव नाही म्हणतंय, तर लोखंडीच असेल. दाबू या आणि सुटू या."

हळूहळू सगळे लोखंडीकडे वळले. फक्त परिचारिका अडून बसली.

"मी नाही दाबणार."

"अहो सिस्टर, एका बटणाचा तर प्रश्न आहे. तुमच्यामुळे सगळ्यांचं अडलंय."

"अडू द्या. आमच्या वॉर्डात तपासल्याशिवाय कुणी हो म्हणत नाही. आधी काहीतरी पाडून बघा."

बेकरीवाल्याने एका हातात वजनाचं माप घेतलं, दुसऱ्या हातात पाव, आणि दोन्ही सोडले. "बरोबरच पडले की."

"खोटं आहे," टॅक्सीवाला म्हणाला. "माझा पाना केव्हाच खाली आला. फडकं अजून येतंय."

"फडकं कशाला घेतलंत?"

"हाताशी होतं ते घेतलं."

"त्याचा घट्ट बोळा करा आणि मग टाका," परिचारिका म्हणाली.

त्याने बोळा करून टाकला. मग पाना आणि बोळा उचलून पुन्हा एकदा टाकला. "आता बरोबर पडलं. म्हणजे वजनाचं काही नाही. मघाशी हवा आडवी आली होती."

तोवर बाकीचे चौकोनही उजळले होते. कुणी स्टुलावर उभं होतं, कुणी जिन्यात. एका घरातून सासूबाईंचा आवाज आला, "सूनबाई, काय धडाधड पाडतेस?" आणि थोड्याच वेळात सासूबाई स्वतः चमचा सोडताना दिसल्या.

इकडे सरांनाच शंका येऊ लागली होती. इतकी वर्षं शिकवलं ते खरं, की गाढव खरं? तेही खुर्चीवर चढले आणि त्यांनी पेपरवेट आणि खोडरबर एकदम सोडलं. पत्नी दारात उभी होती.

"दोन्ही बरोबरच पडले," ती म्हणाली. "आता उतरा, नाहीतर तिसरे तुम्ही पडाल."

खुर्चीवरच सरांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. तेवढ्यात प्राचार्यबाई बोलल्या.

"सर, कमाल केलीत. मुद्दाम चुकीचं उत्तर ठेवून वर्ग जागा केलात. ही युक्ती सुचली कशी?"

नुसती मान हलवली असती, तर वर्ग वाचत होता. सरांनी एकदा परिचारिकेच्या चौकोनाकडे पाहिलं. तिने अजूनही लोखंडीचं बटण दाबलं नव्हतं.

"युक्ती नाही, मॅडम. गाढवाच्या नादात खूण करायची राहिली. माझी चूक आहे."

"सर," परिचारिका शांतपणे म्हणाली, "हे तरी तपासल्याशिवाय कसं मानायचं?"

सरांनी निमूटपणे प्रश्नाचं पान उघडून दाखवलं. खूण कुठेच नव्हती. सगळ्यांची खात्री पटली. सरांनी खूण केली, सगळ्यांनी पुन्हा उत्तर दिलं, चांदण्या पडल्या आणि व्हिडिओ पुढे सरकला. एक पीस तरंगत आलं आणि संगीताच्या तालावर सरांचा आवाज म्हणाला, "आता पाहू या, हवेचा काय परिणाम होतो."

"हे झालं की, सर," टॅक्सीवाला म्हणाला.

प्राचार्यबाई हसल्या आणि त्यांनी वही मिटली. "वर्ग चालू राहील, सर. युक्ती असो नाहीतर चूक, आज एकही चौकोन काळा नाही."

पुढचा धडा उताराचा आणि गोट्यांचा, हे सरांनी वर्गाला आधीच सांगून ठेवलं होतं. त्यातली प्रत्येक खूण त्यांनी स्वतः तपासली, पत्नीकडूनही तपासून घेतली. यंत्रावर बोट ठेवायला जागा उरली नव्हती. उतारावरून मोठी गोटी आधी येईल की लहान, असा प्रश्न होता. सगळ्यांनी "दोन्ही बरोबर" असं उत्तर दिलं, चांदण्या पडल्या आणि व्हिडिओ पुढे निघाला.

"थांबवा, सर," परिचारिका म्हणाली. "यंत्र बरोबर म्हणतंय, म्हणून काय झालं?"

टॅक्सीवाल्याने बॉनेटला फळी आधीच टेकवून ठेवली होती. बेकरीवाला पिठाचा ट्रे तिरपा धरून बसला होता. सासूबाईंच्या मुठीत गोट्या होत्या.

सरांचा इतका खपून केलेला व्हिडिओ तिथेच थांबला. त्यांना मनापासून आनंद झाला. त्यांनी तो बंद केला आणि आत हाक मारली, "अगं, आपल्याकडे एखादी फळी आहे का?"