बकासुराचा डबा

"आपला भीम एकदा पडद्यावर आला की ती परदेशी कार्टूनं टीव्हीतून उड्या टाकून पळतील!" महादेवाच्या देवळाच्या कट्ट्यावर वीरभद्र गुरुजींनी जाहीर केलं. "सिनेमा चालू असताना एक जरी पोर जागचं उठलं, तर मी गोष्टी सांगणं सोडीन!"

गुरुजी शाळेतून निवृत्त झाले होते, पण दर रविवारी इथेच गल्लीतल्या पोरांना गोष्ट सांगत. त्यांना गोष्ट सोडा म्हणणं म्हणजे म्हशीला रवंथ सोड म्हणण्यासारखं!

ही हिंमत आली होती शिवप्रसादमुळे. तो गुरुजींचा जुना विद्यार्थी, आता शिरोली एमआयडीसीत लोखंड ओतायच्या फाउंड्रीचा मालक. साल दोन हजार तीन. घराघरात कार्टूनं घुसलेली. पोरांसाठी आपणही पुराणातलं कार्टून काढायचं, असं त्याच्या मनानं घेतलं. गुरुजींनी बकासुराची गोष्ट लिहून दिली. राक्षस गावाकडून रोज गाडाभर भात, गाड्याचे बैल आणि एक माणूस खायला मागतो. भीम गाडा घेऊन जातो, राक्षसासमोर भात स्वतःच चापतो आणि मग त्याला लोळवतो.

पहिला खड्डा लगेच लागला. शिवप्रसादनं विचारलं, "चित्रं किती लागत्यात?"

"हजारो. प्रत्येकाचा चेहरा वेगळा, चाल वेगळी."

"गुरुजी, फाउंड्रीत आम्ही एक पॅटर्न करतो, म्हंजे लाकडी नमुना, आणि त्याच्यावरनं हजार कास्टिंग ओततो! भीमाचा पॅटर्न करूया की!"

चित्रं काढायला फाउंड्रीतलाच जोतीराम होता. तो आजवर कॉम्प्युटरवर पंपाचे भाग काढत आलेला. त्यानं भीम झकास उतरवला, फक्त सवयीनं गुडघ्यात बेअरिंग बसवलं. मग त्याच भीमाला शिंगं लावून बकासुर केला. मिशा पुसून, लुगडं नेसवून कुंती केली.

"अरे, कुंतीचे दंड बघ! तालमीत जाते का ती?" गुरुजी म्हणाले.

"आई कुणाची हाय? भीमाची न्हवं? मग पोरगं आईवर गेलंय!" जोतीराम म्हणाला.

तेवढ्यानं काय बिघडतंय, असं म्हणून गुरुजींनी मान डोलावली.

दुसरा खड्डा म्हणजे शिवप्रसादची आई, शांतव्वा. "बैल खातो? शिवशिवा! बैल म्हंजे आपला बसवण्णा, म्हादेवाचा नंदी!"

"अव्वा, राक्षस खातो. आपण नाही," गुरुजी म्हणाले.

"पर पैसा आमचा हाय की!"

बैल वाचले. पुढच्या आठवड्यात शिवप्रसाद म्हणाला, "गुरुजी, माणूस खाल्ल्याला बी नको. बारकी पोरं अंथरूण भिजवत्यात."

माणूसही वाचला. उरला भात. तेवढ्यानं काय बिघडतंय!

खेळाच्या दिवशी मंगल कार्यालयाच्या खिडक्यांना ताडपत्र्या लावल्या. पोरं खचाखच. पुढच्याच रांगेत गुरुजींची नात वर्षाराणी. कुंती आली तेव्हा "मिशी नीट पुसली न्हाय," एवढीच कुजबुज झाली. पण पोरं बसून होती! गुरुजींची छाती पोळीसारखी फुगली.

मग बकासुर दिसला. बिचारा गुहेत पोटावर हात फिरवत भाताची वाट बघत होता. भीम आला. गाड्यावर बसून भात खायला लागला. बकासुर म्हणाला, "माझं जेवण?" भीमानं शेवटचा घास गिळला आणि त्याला दाणकन आपटलं!

शाळेत ज्याचा डबा कधी पळवला गेला नाही असं एकही पोर तिथं नव्हतं.

"ए!" गल्लीतला गुंडू ओरडला. "त्येचा डबा हाय त्यो!"

"डबा खाल्लास आनि वर मारतोस व्हय?" वर्षाराणी ताडकन उठली. पाठोपाठ सगळा हॉल! "सोड त्याला! सोड!"

गुरुजी पडद्यासमोर धावले. "पोरांनो, तो राक्षस आहे! माणसं खातो!"

"कवा खाल्ली? आम्ही सगळा शिनेमा बघितलाय!"

"अरे, डोक्यावर शिंगं बघा त्याच्या!"

"शिंगं बसवण्णाला बी हायती की!"

"व्हय, बराबर हाय!" मागून शांतव्वा.

पडद्यावर बकासुर मेला. बालवाडीतली पोरं भोकाड पसरून रडली. शिवप्रसाद मात्र नाचत आला. "गुरुजी, हिट! एक पोर खुर्चीत ऱ्हायलं न्हाय! सगळी उठली!"

सगळी उठली! गुरुजींना कट्ट्यावरचे आपलेच शब्द आठवले आणि ते मटकन खाली बसले.

रविवारी ते घरातच बसून राहिले. चाळीस वर्षं शिकवलं, शब्द मोडू नये म्हणून. आता स्वतःच कसा मोडणार? वर्षाराणी हात ओढायला आली. "आजोबा, चला!"

"मी सांगायची नाही असं ठरलंय, बाळ."

"मग ऐका की! ऐकायचं कुठं सोडलंय?"

गुरुजी कट्ट्यावर गेले, तर त्यांच्या जागेवर गुंडू बसलेला. ते पोरांच्या रांगेत, मांडी घालून, खाली बसले. गुंडूनं घसा खाकरला.

"एक होता बकासुर. लई गरीब. रोज नुसता भात खायाचा. आमटी बी न्हाय..."

गुरुजींना राहवलं नाही. त्यांनी हात वर केला. "अरे, पण मूळ गोष्टीत..."

"गुरुजी!" गुंडूनं डोळे वटारले. "मधी बोलायचं न्हाय. तुम्हीच शिकवलंय!"

गुरुजींनी हात खाली घेतला आणि तोंडावर बोट ठेवलं.